स्वित्झर्लंडमधल्या छोट्या शेतकरी गावाचा कारभार पूर्वी कसा चालायचा?

वालिस कँटनमधल्या (कँटन म्हणजे तिथलं राज्य) ट्योर्बेलचं उदाहरण घ्या. सुमारे 1500 मीटर उंचीवर, डोंगरउतारावरचं गाव. राय (गव्हासारखं एक धान्य) पिकवायची, गवत कापून साठवायचं, गाई पाळायच्या. शेतं खाजगी, पण उंचावरची उन्हाळी कुरणं, जंगल आणि पडीक जमीन सगळ्या गावाची.

1483 मध्ये गावकऱ्यांनी लेखी करार केला. बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली तरी सामाईक कुरणावर त्याला हक्क नाही! 1517 चा नियम तर भारीच: हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात वर पाठवायच्या. जास्त गुरं घुसवली की दंड, आणि दंड करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्यालाच त्यातला अर्धा वाटा. मग कोण कशाला डोळेझाक करेल? वर बनवलेलं चीजही ज्याने जितक्या गाई पाठवल्या, त्या हिशोबाने वाटलं जायचं.

सामाईक मालमत्तेची नेहमी नासाडीच होते, हा समज खोडताना एलिनॉर ऑस्ट्रॉम (2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांनी याच गावाचा दाखला दिला. अर्थात बाहेरच्यांसाठी ही व्यवस्था कडकच होती. विसाव्या शतकात खाली दरीतल्या कारखान्यांत पगार मिळू लागला आणि शेती बऱ्याच घरांत जोडधंदा झाली.