डावा हात पुढे करू नकोस

तुझी पोस्ट वाचली. वय २६, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा, कमी तितकं वाईट) ३१, गेल्या आठवड्यात तापात सलाईन लागलं आणि प्रश्न एकच, डायलिसिस किती वर्षं लांबवता येईल? त्याचं उत्तर तुझे डॉक्टरच देऊ शकतील, तेही लघवीतलं प्रोटीन आणि गेल्या दोन-तीन वर्षांचे आकडे समोर ठेवून. मी थबकले ते तू जाता जाता लिहिलेल्या वाक्यापाशी. डाव्या हाताला तीनदा सुई टोचली आणि मनगटापासून कोपरापर्यंत काळंनिळं झालंय. वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस.

मीठ, बीपी, गोळ्यांच्या वेळा हे बाकीचे सांगतीलच. मी शिरांबद्दल लिहिते, कारण मला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

मी २४ वर्षांची होते, ईजीएफआर साधारण तुझ्याएवढाच. उलट्या-जुलाब झाले म्हणून एका रुग्णालयात पाच दिवस काढले. सिस्टर सुई घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कुठला हात?" मी डावा पुढे केला. उजव्याने लिहायचं, जेवायचं, फोन धरायचा म्हणून. सगळे हेच करतात. सलाईन बाहेर जाऊन हात सुजला की सुई जरा वर, पुन्हा सुजला की कोपरात. रोज सकाळी तपासणीचं रक्तही त्याच हातातून. किडनीचा आजार आहे हे मी सांगितलं होतं, पण त्याचा शिरांशी संबंध आहे हे ना त्यांनी लक्षात घेतलं, ना मला माहीत होतं.

चार वर्षांनी ईजीएफआर १४ वर आला आणि डायलिसिससाठी हातात करतात त्या फिस्टुलासाठी सर्जनकडे गेले. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, गार जेल लावलं आणि डॉप्लरचा, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, प्रोब मनगटापासून वर सरकवत जागोजागी दाबून बघू लागले. चांगली शीर दाबली की स्क्रीनवर मिटते. माझी एका जागी मिटेना. त्यांनी पुन्हा दाबलं, मग स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाले, "ही आतून बंद झालीय. इथे कधी सलाईन लागलं होतं का?"

फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडणं. धमनीच्या जोरामुळे शीर हळूहळू रुंद आणि जाड होते, मग दर डायलिसिसला तिच्यात दोन जाड सुया घालता येतात. १९६६ साली ब्रेशिया आणि सिमिनो यांनी मनगटापाशी केलेल्या अशा फिस्टुलाबद्दल लिहिलं, आणि आजही शिरा चांगल्या असल्या तर तिथूनच सुरुवात करतात, कारण तो बिघडला तर वर जागा उरते. शक्यतो कामाचा हात सोडून दुसऱ्या हातात. म्हणजे नेमका आपण सुईसाठी पुढे करतो तो.

माझा उजव्या दंडात करावा लागला. तो तयार व्हायला काही महिने गेले आणि तोवर डायलिसिस लांबवता येत नव्हतं, त्यामुळे पाच महिने मानेतल्या कॅथेटरवर, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीवर, काढले. दोनदा त्यातून जंतुसंसर्ग झाला. डायलिसिस सुरू होताच हुडहुडी भरायची, तीन पांघरुणं घेतली तरी दात वाजायचे. त्या पाच महिन्यांत नोकरी गेली, ती अजून मनाला लागून आहे.

जुन्या रुग्णालयात कागद मागायला गेले तर एका खिडकीवरून दुसरीवर पाठवत राहिले. शेवटी उत्तर मिळालं, सुई कुठे टोचली याची नोंद आम्ही ठेवत नाही. किडनीच्या पेशंटच्या उशाशी "या हाताला सुई नको" एवढा कागद लावायला काय लागतं?

आपल्या वयात हे जास्त महत्त्वाचं आहे. प्रत्यारोपण झालं तरी एक किडनी बहुतेक वेळा जन्मभर पुरत नाही, मध्ये पुन्हा डायलिसिस येऊ शकतं. तुझ्या शिरांना पुढची ४० वर्षं काढायची आहेत.

तेव्हा रक्त देताना आणि सलाईन लावताना तळहाताच्या मागची बाजू पुढे कर. तिथे जास्त दुखतं, नवशिक्या हाताला जमतही नाही, तरी हट्ट धर. दंडातून घालायची लांब नळी, म्हणजे पिक लाइन, कुणी सुचवली तर आधी नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, फोन. तीन तपासण्यांचं रक्त एकाच वेळी द्यायचं. मात्र जिवावर बेतलं असेल तेव्हा मिळेल त्या शिरेत सुई घालू दे, तिथे वाद घालायचा नाही. मी डॉक्टर नाही, तुझ्या नेफ्रॉलॉजिस्टने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐक. पोटाचं डायलिसिस जमणार असेल तर त्याला फिस्टुला लागत नाही, आणि घरातला दाता असेल तर डायलिसिसआधीच प्रत्यारोपण होऊ शकतं. दोन्ही आत्तापासूनच विचारून ठेव. हिपॅटायटिस बीची लसही आत्ताच घे, किडनी आणखी मंदावली की ती तितकी लागू पडत नाही. आणि तापात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं असशील तर ते डॉक्टरांना सांग, लपवू नकोस.

आज एवढं कर. काळंनिळं झालंय तिथे बोट फिरवून बघ. शीर मऊ लागतेय की दोरीसारखी कडक? कडक, लाल किंवा गरम लागली तर उद्याच दाखव. आणि तू लिहितोस कुठल्या हाताने, तेही कळव.