हायरायडर की ग्रँड विटारा? आधी व्हीलचेअर डिकीत घालून बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोथरूड ते हिंजवडी रोजचे जाऊन-येऊन 40 किलोमीटर, महिन्यातून एकदा कराड, दोन मुलं, सासूबाई. टोयोटाची हायरायडर घ्यावी की मारुतीची ग्रँड विटारा, दोन्ही स्ट्राँग हायब्रिडच, म्हणजे पेट्रोल इंजिन असूनही काही वेळ नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्या. इथवर ठीक होतं. पण शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय, "सासूबाईंची व्हीलचेअर सोबत असते." त्या ओळीपाशी मी थांबलो. साधारण तीन वर्षांपूर्वी मीही सगळ्यांना हाच प्रश्न विचारत होतो आणि ती ओळ मीही शेवटीच ठेवली होती.

हायब्रिड म्हणजे काय, तिचा ई-सीव्हीटी हा ऑटोमॅटिक गिअर कसा चालतो, यावर भरपूर लिहून झालंय. ते सोडतो.

दोघींतली निवड लवकर संपवू, कारण त्यात फारसं काही नाही. दोन्हींत टोयोटाचं 1490 सीसीचं तीन सिलिंडरचं तेच इंजिन आहे, तीच मोटर, तीच पाऊण युनिट वीज साठवणारी छोटी लिथियम बॅटरी, तीच 45 लिटरची टाकी. एकत्रित ताकद 116 पीएसच्या आसपास आणि कागदावरचं मायलेजही तेच, लिटरला 27.97 किलोमीटर. दोन्ही बंगळुरूजवळच्या बिडदीच्या टोयोटा कारखान्यातून 2022 पासून बाहेर पडतायत. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये इंधनकाट्यातल्या दोषासाठी गाड्या परत बोलावल्या, त्यातही दोन्ही होत्या. लांबीत 20 मिलिमीटरचा फरक आहे आणि तोही बंपरचा. पूर्वी वॉरंटीत टोयोटा पुढे होती, पण जुलै 2024 पासून मारुतीनेही 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर केलं. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी दोन्हीकडे 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर. म्हणून माझं मत सरळ आहे: ज्याचं वर्कशॉप घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि जिथला सर्व्हिस ॲडव्हायझर फोन उचलतो, ती गाडी घ्या. मी या दोन गाड्यांच्या तुलनेत चार महिने घालवले. समोरच्या ग्रिलचा आकार, डॅशबोर्डचा रंग, सगळ्याच्या वहीत नोंदी होत्या. डिकीबद्दल एक ओळही नव्हती.

दोघींपैकी मी कोणती घेतली ते मुद्दाम सांगत नाही. पुढे जे सांगतोय ते दोन्हींना लागू आहे आणि मला कुठल्याही कंपनीशी भांडायचं नाही.

माझ्या वडिलांना, अण्णांना, 2021 मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. डावा पाय गेला, हात बराचसा परत आला. त्यांची खुर्ची म्हणजे नेहमीची घडीची, मागची चाकं 24 इंची. त्या मोठ्या चाकांचं महत्त्व घरात असा माणूस असल्याशिवाय कळत नाही. मोठं चाक असलं की अण्णा स्वतः फिरवतात, खोलीतून गॅलरीत जातात, कोणाला हाक मारत नाहीत. चिपळूणजवळ आमचं गाव आहे. वर्षातून चार-पाच वेळा तिथे जाता यावं, अण्णा पुढे बसावेत, खुर्ची मागे राहावी, एवढ्यासाठीच जुनी हॅचबॅक विकून मोठी गाडी घ्यायची ठरवली होती.

शोरूममध्ये टेस्ट ड्राइव्हला गाडी दिली. खुर्ची सोबत नेली होती, तेवढी अक्कल होती. डिकी उघडली, खुर्ची घडी करून आडवी ठेवली, अगदी व्यवस्थित बसली, वर एक बॅगही राहिली. अण्णा पुढच्या सीटवर बसून बघून आले. या गाड्यांच्या सीटची उंची ज्येष्ठांना खरंच सोयीची आहे, खाली वाकावं लागत नाही की वर चढावं लागत नाही. सगळे खूश झाले. मी स्ट्राँग हायब्रिड बुक केली.

टेस्ट ड्राइव्हची गाडी माइल्ड हायब्रिड होती.

मागच्या दारावर हायब्रिडचा बिल्ला दोन्ही प्रकारांना असू शकतो. माइल्ड म्हणजे साधं पेट्रोल इंजिन आणि मदतीला एक छोटा स्टार्टर-जनरेटर. तिची डिकी 373 लिटरची. स्ट्राँगमध्ये माइल्डपेक्षा मोठी बॅटरी डिकीच्या तळाशी बसवलेली असते, त्यामुळे तळ उंच होतो आणि जागा सुमारे शंभर लिटरने कमी होते. लिटरचा आकडा ऐकून काही कळत नाही. खरी अडचण उंचीची आहे. उभ्या-आडव्या जागेत तुमची बॅग कशीही बसेल, पण 24 इंची चाक वाकत नाही.

मी विचारलं नव्हतं असं नाही. बुकिंगच्या टेबलावर बसून स्पष्ट विचारलं, "डिकी हीच ना?" समोरचा म्हणाला, "सेम टू सेम सर, फक्त इंजिन वेगळं." त्याला माहीत नव्हतं की माहीत असून बोलला, हे मी आजही सांगू शकत नाही. डिलिव्हरीच्या चार दिवस आधी मी म्हटलं, प्रत्यक्ष गाडी बघू द्या. उत्तर आलं की गाडी गावाबाहेरच्या यार्डात आहे, ग्राहकांना तिथे परवानगी नाही. इथे मी नमतं घेतलं, आणि माझ्या मते खरी चूक हीच. पैसे पूर्ण भरलेले नव्हते, आरटीओची नोंदणी झालेली नव्हती, नाही म्हणायची ताकद त्या दिवशी माझ्या हातात होती. मुहूर्त ठरला होता, पेढे सांगून ठेवले होते, बायकोने सुट्टी टाकली होती. "बरं, चालेल," म्हणालो.

गाडी घरी आली. पूजा झाली, नारळ फुटला, अण्णांनी चाकाखाली लिंबू ठेवायला लावलं. संध्याकाळी सोसायटीत एक फेरी मारू म्हणून खुर्ची मागे घातली आणि डिकी बंद होईना. उभी केली, आडवी केली, पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या, तरी चाक वर यायचं आणि काच आपटेल की काय अशी भीती. मागच्या सीटचा लहान भाग पाडला तेव्हा कुठे ती बसली. म्हणजे पाच जणांच्या घरात चारच जणांची गाडी.

दुसऱ्याच महिन्यात गावी लग्न होतं. बायको आणि मुलगी स्वारगेटहून एसटीने गेल्या. नवी गाडी दारात असताना. अण्णा दोन दिवस एकच म्हणत होते, "मी राहतो घरी, तुम्ही चौघं आरामात जा." ते ऐकायला लागणं हे मला सगळ्यात महागात पडलं.

शोरूमला आधी फोन केला, मग गेलो, मग ईमेल केला. पहिल्यांदा, "सर, ब्रोशरमध्ये दिलेलं असतं." ब्रोशरमध्ये मला ते सापडलं नाही, त्यांनाही शोधून दाखवता आलं नाही. दुसऱ्यांदा, "ज्यांनी बुकिंग घेतलं ते आता आमच्याकडे नाहीत." तिसऱ्यांदा तक्रार क्रमांक आला आणि आठ दिवसांनी तोच क्रमांक 'निराकरण झाले' असा शेरा होऊन परत आला. निराकरण काय झालं हे विचारायला पुन्हा नवी तक्रार नोंदवायची. बदलून माइल्ड घ्यायची म्हटलं तर महिन्याभराच्या गाडीला तीन लाखांहून जास्त घट दाखवली. वरून कॅरिअर लावा म्हणाले, तेही पॅनोरमिक सनरूफच्या गाडीवर. अर्धांगवायूच्या माणसाची खुर्ची दर वेळी छतावर चढवायची आणि पावसात कुंभार्ली घाट उतरायचा, असा सल्ला देणाऱ्याने एकदा स्वतः तसं करून बघावं. अजूनही लिहिताना राग येतो, माफ करा.

पुढे लहान चाकांची, 12 इंचीची, प्रवासाची खुर्ची घेतली. ती डिकीत बसते. पण तिची चाकं अण्णांना हाताने फिरवता येत नाहीत, मागून कोणीतरी ढकलावं लागतं. गावाला गेलं की माणूस अंगणात यायलाही दुसऱ्यावर अवलंबून. दीड वर्ष असंच चाललं. मग त्यांच्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं की बटण दाबून मोठी चाकं निघतात अशा खुर्च्या मिळतात. तशी घेतली. आता सांगाडा डिकीत जातो आणि दोन चाकं पुढच्या सीटच्या मागे, मुलांच्या पायांशी उभी राहतात. महाग पडली, पण अण्णा परत स्वतः गॅलरीत जातात. दीड वर्ष आधी मला हे कोणी सांगितलं असतं तर, म्हणून तुम्हाला सांगतोय.

आता तुमच्यापुरतं, आणि हे माझं वैयक्तिक मत. मी मेकॅनिक नाही, डॉक्टरही नाही.

सासूबाईंची खुर्ची मोठ्या चाकांची असेल, चाकं निघत नसतील आणि ती रोज लागत असेल, तर स्ट्राँग हायब्रिडचा हट्ट सोडा. यातलीच माइल्ड बघा, किंवा होंडा एलिव्हेट बघा. ती हायब्रिड नाही, पण डिकी 458 लिटरची आहे. सप्टेंबर 2025 मध्ये मारुतीची व्हिक्टोरिस आलीय, तिच्यातही हेच स्ट्राँग हायब्रिड इंजिन मिळतं, पण तिलाही ब्रोशर वाचून हो म्हणू नका, खुर्ची घेऊन जा.

पेट्रोल वाचतं का? वाचतं, यात शंका नाही. पुण्याच्या गर्दीत एसी लावून मला 22 मिळतात, चुलतभावाच्या माइल्ड ऑटोमॅटिकला 14 च्या आत-बाहेर. तुमचा ऑफिसचा प्रवास वर्षाला 12 हजार किलोमीटर धरला तर सुमारे 310 लिटरचा फरक, म्हणजे 104 च्या भावाने 32 हजार रुपये. ऑन-रोड किमतीत अडीच-तीन लाखांचा फरक असेल तर तो वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं लागतील. कराडच्या रस्त्यावर 100 च्या वेगाने फायदा आणखी कमी होतो, मला तिथे 19-20 पडतात. गर्दीत बॅटरीवर गाडी आवाज न करता सरकते, दमलेल्या माणसाला ते फार सुखाचं आहे. तेवढ्यासाठी घ्यायची तर जरूर घ्या, पण पैसे वाचतील म्हणून घेत असाल तर हिशेब एकदा कागदावर मांडा. जीएसटी उतरेल म्हणून वाट बघत असाल तर तेही होऊन गेलं: चार मीटरपेक्षा लांब असल्यामुळे या गाड्या 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्क्यांत आहेत, हायब्रिडला आधी उपकर धरून 43 लागायचे.

घाटाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. लांब उतारावर ही छोटी बॅटरी लवकर भरते. कुंभार्ली अर्धा उतरेपर्यंत माझी भरलेली असते. मग गिअर 'बी' मध्ये, म्हणजे उतारावर इंजिनाने वेग आवरायच्या स्थितीत, टाकलं की इंजिन मोठ्याने ओरडतं. ते बिघडलेलं नसतं, गाडीला आवरून धरत असतं. पहिल्यांदा बायको घाबरली होती. चढावर पाच माणसांनिशी तीन सिलिंडरचा आवाज येतोच, त्याची तयारी ठेवा.

आणखी एक. यात साधी 12 व्होल्टची बॅटरीही असते आणि ती उतरली तर गाडी सुरूच होत नाही. ढकलून चालू करायचा प्रश्नच नाही. अण्णा दवाखान्यात होते तेव्हा तीन आठवडे गाडी उभी राहिली आणि डिस्चार्जच्या सकाळी बंद. तेव्हापासून गाडी वापरात नसली की आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू करून 'रेडी' मध्ये ठेवतो आणि डिकीत जंपर केबल असते.

विमा बाहेरून घेतला तर बरेच पैसे वाचतात, शोरूमवाले नाराज होतात, होऊ द्या.

बुकिंगच्या वेळी मात्र एवढं नक्की करा. पावतीवर 'स्ट्राँग हायब्रिड' हे शब्द व्हेरिअंटच्या नावासकट लिहून घ्या, आणि तोंडी मिळालेलं प्रत्येक आश्वासन त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर त्यांनाच परत पाठवा: "आज तुम्ही असं सांगितलंत, बरोबर ना?" उत्तर आलं तर पुरावा राहतो. टेस्ट ड्राइव्हला गेल्यावर डिकीचा तळ उचलून बघा, खाली बॅटरी आहे की नाही. सासूबाई आणि त्यांची खुर्ची दोन्ही सोबत न्या, आणि पूर्ण रक्कम भरण्याआधी तुमच्याच चासी नंबरच्या गाडीत खुर्ची घालून डिकी बंद करून दाखवा म्हणा. यार्डात सोडत नसतील तर गाडी शोरूमला आणायला लावा. तेही करत नसतील तर मुहूर्त पुढे ढकला.

आज घरी गेल्यावर एक बघाल का? खुर्चीच्या मागच्या मोठ्या चाकाच्या मधोमध, बाहेरच्या बाजूने, एक छोटं गोल बटण आहे का? ते दाबून चाक ओढलं की निघतं का? इथेच सांगा, म्हणजे कोणती गाडी ते मला नेमकं बोलता येईल.