पायाखालचं पाणी एसीचं की रेडिएटरचं?

प्रश्न: मिस्त्री काका, रामराम. माझी जुनी डबल केबिनची डिझेल पिकअप आहे, सव्वादोन लाख किलोमीटर पळालेली. वसमतहून नांदेडच्या मोंढ्यात हळद घेऊन जाणं-येणं असतंय. पाऊस लागल्यापासून क्लीनरच्या बाजूला पायाखाली ओल यायलीय. फिटर म्हणला एसीचं पाणी आहे, नळी तुंबली. हवा मारून ३०० रुपये घेतले, ओल तशीच. रेडिएटरच्या बाटलीतलं पाणी आठवड्याला लिटरभर कमी व्हायलंय, पण इंजिनखाली एक थेंब दिसत नाही. मी बोअरचं पाणी भरतो. काच आतून धुरकटते म्हणून हीटर लावला तर आणखीनच धुरकटते. एक ड्रायव्हर म्हणतो, मूठभर हळद टाक रेडिएटरात. घरची हळद आहेच. टाकू का?
– एक हळद उत्पादक, वसमत तालुका

उत्तर: रामराम भाऊ. हळद टाकू नका. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काय रेडिएटर बुजवायला? चेष्टा सोडा, हा उपाय मी स्वतः केलेला आहे. औंढ्याच्या रस्त्यावर रात्री अडकलो होतो. हळदीनं गाडी घरापर्यंत आली, हे खरं. पण नंतर किती दिवस पिवळा गाळ काढत बसलो होतो! हळदीला भोक कळत नाही. नळी जिथं बारीक तिथं ती बसते. आणि तुमच्या गाडीत मला ज्या भागाचा संशय आहे, त्याच्याच नळ्या फार बारीक असतात. बाजारातल्या गळतीबंद पावडरीलाही माझा हाच नकार.

तो भाग म्हणजे हीटर कोअर. डॅशबोर्डच्या मागं वहीएवढा छोटा रेडिएटर असतो. इंजिनचं गरम पाणी दोन रबरी नळ्यांनी पत्र्यातून आत येतं, त्यात फिरून परत जातं, आणि पंखा त्याच्यावरून हवा मारतो. त्याला भोक पडलं की पाणी इंजिनखाली दिसत नाही, केबिनमध्ये चटईखाली उतरतं. वाफ पंख्याबरोबर काचेवर जाते. साधं पावसाळी धुकं गरम हवेनं विरतं. तुमचं वाढतंय, त्यावरूनच मी ताडलं.

तरी खात्री करा. दोन दिवस एसी अजिबात लावू नका. ओल चालूच राहिली तर एसी सुटला. मग जुन्या धोतराचा पांढरा तुकडा ओलीवर दाबा. एसीच्या पाण्याला रंग नाही, वास नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी, बहुतेक हिरवं किंवा लाल, बोटाला बुळबुळीत, वास गोडसर. चाखून बघू नका, ते विष आहे. तुम्ही बोअरचं पाणी ओतून ओतून कूलंट पातळ केलंय, त्यामुळं रंग कदाचित दिसणारही नाही. तेव्हा काच पुसून बघा. तेलकट पट्टे राहिले तर ते कूलंटचे.

पक्की तपासणी प्रेशर पंपाची. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढायचं (गरम असताना कधीच नाही, माझ्या उजव्या हाताला अजून डाग आहे) आणि तिथं पंप बसवायचा. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढ्या बारपर्यंतच हवा भरायची, जास्त नाही. पंधरा मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठं थेंब नाही, तर डॅशबोर्डखाली कान लावा.

इथं घाई नको. मी एकदा दोन दिवस घालून अख्खा डॅशबोर्ड उतरवला आणि निघाली काय, तर नळीची ढिली क्लिप. गिऱ्हाईक समोर उभं होतं. तेव्हापासून मी आधी टॉर्च लावून दोन्ही नळ्यांचे जोड बघतो, आतले आणि बाहेरचे, मगच पाना हातात घेतो.

जोड कोरडे असतील तर कोअर गेला समजा. पण लगेच नवा टाकू नका. बोनेट उघडा, पत्र्यात शिरणाऱ्या त्या दोन नळ्या काढा आणि उष्णता सोसणाऱ्या नळीनं एकमेकींना जोडून टाका. दोन्ही टोकांना चांगल्या क्लिपा. पाणी आत न जाता बाहेरच्या बाहेर फिरेल. तोंडं बुचं मारून बंद करू नका, काही इंजिनांत पाण्याचा फेरा त्याच वाटेनं पुरा होतो. नळी दुमडूही देऊ नका. आठ दिवस चालवा. पातळी टिकली तर गुन्हेगार सापडला आणि गळतीही थांबली. पातळी तरीही उतरली, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला किंवा ऑइल दुधाळ झालं, तर मामला हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचा. मग गाडी चालवू नका.

आपल्याकडं हीटरवाचून कुणाचं अडतंय? डिसेंबरातल्या चार पहाटा सोडल्या तर नाहीच. पावसात काचेला एसी पुरतो. म्हणून मी तर जोडनळीवरच थांबलो असतो. नवा कोअर बसवायचाच असेल तर आधी विचारा, डॅशबोर्ड उतरवावा लागतो की कोअर बाजूनं सरकून निघतो. मजुरीत मोठा फरक पडतो. जुना तांब्या-पितळेचा असेल तर रेडिएटरवाला झाळून देईल. ॲल्युमिनियमचा झाळायच्या भानगडीत पडू नका.

आता बोअरचं पाणी बंद. त्यानं हंड्याला पांढरी खपली धरते, तीच या बारीक नळ्यांत धरते, आणि कूलंटमधलं गंजरोधक पातळ होतं ते वेगळंच. सगळं जुनं पाणी सोडा, साफ करा, गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट भरा. घट्ट मिळालं तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा, तयार असेल तर तसंच. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, झाकण उघडं ठेवून इंजिन थंड असतानाच चालू करा, वरची नळी दाबत राहा आणि बुडबुडे थांबले की लगेच झाकण लावा. हवा अडकली तर गाडी तापेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

चटई काढून कोमट पाण्यानं धुवा, खालचा पत्रा पुसून वाळवा, नाहीतर गंजेल. जुनं कूलंट अंगणात ओतू नका. गोड लागतं म्हणून कुत्रं चाटतं, आणि मरतं.