आकडा बॉयलरचा, चव कपातली: घरच्या एस्प्रेसो मशीनला पीआयडी बसवताना

गाज्जा क्लासिक १९९१ सालचं, रांचिलिओ सिल्विया १९९७ सालचं. दोन्ही मशीन दणकट आहेत आणि दुरुस्त करता येतात. दोन्हींमध्ये तापमान सांभाळतो तो इस्त्रीत असतो त्याच जातीचा द्विधातूचा थर्मोस्टॅट. तो काढून पीआयडी, म्हणजे पी, आय आणि डी या तीन आकड्यांवर तापमान सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, बसवण्याबद्दल आलेले काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे जुनं गाज्जा क्लासिक आहे. तेच बी, तोच दळ, तरी एक कप आंबट आणि दुसरा कडवट लागतो. पीआयडीने फरक पडेल का? (नाशिक)

पडेल, पण दोष मशीनचाच आहे ना, ते आधी बघा. गाज्जामधला कॉफीचा थर्मोस्टॅट १०७ अंशाला उघडतो आणि बराच थंड झाल्यावरच पुन्हा जोडला जातो. शिवाय हीटर बंद झाल्यावरही अॅल्युमिनियमच्या भिंतीतली उष्णता पाण्यात उतरत राहते. म्हणून बॉयलरचं तापमान करवतीच्या दात्यांसारखं वरखाली होतं, आणि हा झोका पंधरा-वीस अंशांचाही असू शकतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा तो दाता वर आहे की खाली, हा निव्वळ नशिबाचा भाग. दिवा विझल्यावर अमुक सेकंद मोजून शॉट (एस्प्रेसोचा एक कप) काढण्याची युक्ती याच नशिबाला वळण लावायला निघाली. ती चालते, फक्त रोज सकाळी घड्याळाकडे बघत उभं राहावं लागतं.

पीआयडी नियंत्रक तापमान सतत मोजतो आणि हीटरला लागेल तेवढीच वीज हप्त्याहप्त्याने देतो. त्यामुळे झोका एखाद्या अंशावर येतो.

पैसे मोजकेच असतील तर आमचा क्रम असा: आधी चांगला ग्राइंडर, मग जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये ९ बारची स्प्रिंग (जुन्या मशीनमध्ये कारखान्यातून दाब बराच जास्त येतो), आणि तिसरा पीआयडी. मिक्सरमध्ये दळलेल्या कॉफीला ९३.० अंश दिले काय किंवा ९८ दिले काय, सारखंच.

प्रश्न : सामान नेमकं काय आणायचं? ऑनलाइन शोधलं की चाळीस पर्याय दिसतात. (पुणे)

चार वस्तू लागतात, आणि प्रत्येकीत फसायची एकेक जागा आहे.

नियंत्रक: ४८ × ४८ मिमी तोंडाचा औद्योगिक नियंत्रक सगळीकडे मिळतो. त्याला पत्र्यात साधारण ४५ × ४५ मिमीचं भोक लागतं. जागा कमी असेल तर ४८ × २४ मिमीचा घ्या. स्वस्तात आरईएक्स-सी१०० या नियंत्रकाच्या नकला मिळतात. घेताना पाठीवरचा मॉडेल क्रमांक वाचा. आउटपुटच्या जागी ‘एम’ असेल तर आत यांत्रिक रिले (स्विच) आहे, ‘व्ही’ असेल तर एसएसआरसाठीचा (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हलता भाग नसलेला स्विच) डीसी संकेत. खोक्यात एसएसआर सोबत दिलेला असतो, पण नियंत्रक रिलेचा निघतो, असं सर्रास होतं. घरी आल्यावर हीटिंगचा दिवा लागलेला असताना आउटपुटवर मल्टिमीटर डीसीवर लावा. काही व्होल्ट दिसले तर ठीक. काहीच न दिसता नुसती टकटक ऐकू आली तर परत पाठवा.

सेन्सर: के प्रकारचं थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) किंवा पीटी१०० (तापमानाबरोबर रोध बदलणारा सेन्सर). पीटी१०० चा रोध ० अंशाला १०० ओहम आणि १०० अंशाला १३८.५ ओहम असतो, त्यामुळे तो मल्टिमीटरने तपासता येतो. थर्मोकपल दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्टच देतं, म्हणून बाहेरच्या गोंधळाला ते लवकर बळी पडतं. गाज्जाचा थर्मोस्टॅट एम४ आट्यांवर बसतो, तेव्हा एम४ आट्यांचाच सेन्सर मागवा. तो जुन्याच भोकात बसतो आणि नवीन भोक पाडावं लागत नाही. सेन्सर आणि नियंत्रक एकाच प्रकारचे हवेत. के प्रकाराच्या नियंत्रकाला पीटी१०० जोडला तर सेटिंग बदलल्याशिवाय आकडा येणार नाही, आणि काही स्वस्त नियंत्रकांत ते सेटिंगच नसतं.

एसएसआर: ३ ते ३२ व्होल्ट डीसी इनपुट, २४ ते ३८० व्होल्ट एसी आउटपुट, झीरो क्रॉसिंग प्रकारचा. १३०० वॅटचा हीटर २३० व्होल्टला साडेपाच-पावणेसहा अॅम्पियर ओढतो, तरी २५ अॅम्पियरचा घ्या. नकली मालात छाप ४० ची आणि आतला ट्रायाक लहान, हा प्रकार फार चालतो. एसएसआरवर दर अॅम्पियरला एक ते दीड वॅट उष्णता तयार होते, म्हणजे हीटर पूर्ण चालू असताना सात-आठ वॅट. त्यामुळे तो थर्मल पेस्ट लावून मशीनच्या पत्र्याला घट्ट बसवा, बॉयलरपासून शक्य तितका लांब.

वायर: १८० अंशांपर्यंत टिकणारी सिलिकॉन वायर, १.५ चौरस मिमी, आणि ६.३ मिमीचे चपटे लग. घरातल्या वायरिंगची पीव्हीसी वायर बॉयलरशेजारी मऊ पडते, तेव्हा ती नको. लग क्रिम्प करा. गरम जागी डाग देऊन केलेले जोड सैल पडतात.

प्रश्न : जोडणी कशी करायची? इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे, पण २३० व्होल्टची धास्ती वाटते. (ठाणे)

धास्ती असू द्या, कामाची आहे. प्लग काढा (स्विच बंद करून भागत नाही), बॉयलर गार होऊ द्या, आणि काही सोडवण्याआधी प्रत्येक वायरचा फोटो काढून ठेवा.

कल्पना सोपी आहे: कॉफीच्या थर्मोस्टॅटची जागा एसएसआरने घ्यायची. त्या थर्मोस्टॅटवरच्या दोन वायर काढून एसएसआरच्या एसी बाजूच्या दोन टोकांना लावायच्या. थर्मोस्टॅट काढून त्याच्या भोकात थोडी थर्मल पेस्ट लावून सेन्सर बसवायचा. हाताने आवळा आणि वर पाव फेरा द्या. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की सगळा बॉयलर बदलावा लागतो. नियंत्रकाचा डीसी आउटपुट एसएसआरच्या ३-४ टोकांना जोडा, प्लसला प्लस. नियंत्रकाला लागणारे फेज आणि न्यूट्रल मशीनच्या मुख्य स्विचनंतर घ्या, म्हणजे मशीन बंद केलं की तोही बंद होतो. या फेजमध्ये १ अॅम्पियरचा फ्यूज टाका.

आता ज्याबद्दल तडजोड नाही ते. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे हीटर कायमचा चालू. सेन्सर सैल होऊन भोकाबाहेर आला तरी तेच होतं: नियंत्रकाला वाटतं बॉयलर थंड आहे, आणि तो पूर्ण वीज देत सुटतो. अशा वेळी तुम्हाला वाचवतात वाफेचा १४५ अंशांचा थर्मोस्टॅट आणि बॉयलरवरचा थर्मल फ्यूज (फार तापलं की तुटणारा). हे दोन्ही हीटरच्या मार्गात मालिकेतच राहिले पाहिजेत. तुमच्या मॉडेलचा वायरिंगचा नकाशा समोर ठेवून बोटाने मार्ग तपासा. ‘फ्यूज सारखा उडतो म्हणून थेट जोडला’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून वायरिंग शिकू नका. फ्यूज बदलताना जुन्यावर छापलेला आकडा बघून तोच आणा.

अर्थिंगची हिरवी वायर बॉयलरला आणि पत्र्याला पूर्वीसारखीच पक्की हवी. स्वयंपाकघराच्या लाइनवर ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा. मशीन १६ अॅम्पियरच्या सॉकेटवर लावा. ६ अॅम्पियरच्या सॉकेटला रोज पावणेसहा अॅम्पियर ओढायला लावणं म्हणजे प्लगच्या पिना काळ्या करून घेणं.

हीटरला वीज देण्याआधी शेवटची एक चाचणी. एसएसआरची एसी बाजू सुटी ठेवून फक्त नियंत्रक चालू करा आणि सेन्सरचं टोक चिमटीत धरा. आकडा चढला तर बरोबर. उतरला तर थर्मोकपलची प्लस-मायनस उलटी आहे. ती तशीच राहिली तर बॉयलर तापेल तसा आकडा खाली जाईल आणि हीटर थांबणारच नाही. रंगांवर भिस्त ठेवू नका. युरोपीय पद्धतीत के प्रकाराची हिरवी वायर प्लस आणि पांढरी मायनस, अमेरिकी पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस. लाल म्हणजे प्लस असं डोक्यात बसलेला माणूस इथेच चुकतो.

पंप चालू झाला की आकडा पाच-दहा अंशांनी उडतो, अशीही तक्रार येते. सेन्सरची वायर पंपाच्या किंवा सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) वायरीला चिकटून गेलेली असते. ती वेगळ्या वाटेने न्या, दोन तारांना पीळ द्या.

प्रश्न : पडद्यावर ९३ लावलं, आकडाही ९३ वर स्थिर आहे, पण कॉफी पूर्वीपेक्षा आंबट. नियंत्रक खोटं दाखवतोय का? (सातारा)

नियंत्रक खरं सांगतोय, पण ते बॉयलरच्या भिंतीबद्दल. भिंतीपासून कॉफीपर्यंत पोचताना पाणी ग्रुपच्या (कॉफीची मुठीची चाळणी, म्हणजे पोर्टाफिल्टर, जिथे अडकतो तो भाग) धातूला उष्णता देत येतं. सिल्वियावर कॉफीपाशी ९३ हवे असतील तर बॉयलर साधारण १०३ ते १०७ वर लागतो. गाज्जावर १०० ते १०५ पासून सुरुवात करा. मग बाकी सगळं तेच ठेवून एकेका अंशाने चवीवर जा: आंबट आणि पातळ लागली तर वर, कडवट आणि तुरट लागली तर खाली. हलक्या भाजणीला पाणी जास्त गरम लागतं, काळ्या भाजणीला कमी.

मोजूनच बघायचं असेल तर पोर्टाफिल्टर काढा आणि थर्माकोलचा ग्लास ग्रुपला भिडवून धरा. ग्लासच्या बाजूने पातळ थर्मोकपल आत घाला. पाणी सलग सोडू नका, कारण कॉफीचा अडथळा नसला की ते फार वेगाने येतं. पंप एक सेकंद चालू, तीन सेकंद बंद, असं करत पंचवीस-तीस सेकंदांत साधारण ६० मिलि घ्या. मधला आकडा खरा माना. बॉयलर १०० च्या वर असल्याने पहिल्या धारेबरोबर वाफेचा फुसकारा येईल. तो दोष नाही, पण हात लांब ठेवा.

सेन्सरची स्वतःची चूक ही वेगळी गोष्ट. ती बसवण्याआधी उकळत्या पाण्यात तपासा, आणि पाणी सगळीकडे १०० ला उकळत नाही हे विसरू नका. मुंबईत १००, पुण्याच्या उंचीवर सुमारे ९८, महाबळेश्वरला साडेपंचाण्णवच्या आसपास. पुण्यात सेन्सर ९८ दाखवत असेल आणि तुम्ही ‘दुरुस्ती’ करून तो १०० केलात, तर दोन अंशांची चूक आपल्या हाताने घातलीत. आरईएक्सवर ही दुरुस्ती ‘एससी’ या नावाखाली असते. काहीजण तिथेच दहा अंश वजा करून पडद्यावर ९३ आणतात. दिसायला छान, पण मग वाफेचा आकडाही दहाने खोटा होतो. पडद्यावर बॉयलरचा खरा आकडा राहू द्या.

प्रश्न : ऑटोट्यून (नियंत्रकाने पी, आय, डी स्वतः ठरवणं) केलं, तरी तापमान ४-५ अंश वरखाली होत राहतं. (बेळगाव)

आधी आउटपुटचा आवर्तनकाळ बघा, आरईएक्सवर तो ‘टी’ असतो. रिलेसाठी तो २० सेकंद ठेवलेला असतो, एसएसआरसाठी २ करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

मग ऑटोट्यून पुन्हा चालवा, पण बॉयलर भरलेला, पोर्टाफिल्टर लावलेला आणि मशीन वीस मिनिटं तापलेलं असताना. मध्येच पंप लावू नका. थंड मशीनवर केलेलं ऑटोट्यून थंड मशीनपुरतंच खरं.

हाताने करायचं तर १९४२ सालची झिग्लर-निकोल्स पद्धत आजही चालते. आय आणि डी शून्य करा. पी कमी कमी करत जा. तापमान एकसारख्या लाटांत झुलायला लागलं की थांबा, तो पी आणि एका लाटेचे सेकंद लिहून घ्या. पी च्या १.७ पट हा नवा पी, लाटेचा निम्मा काळ हा आय, आठवा भाग हा डी. उदाहरणार्थ, पी ६ अंश आणि लाट ४० सेकंदांची असेल तर पी १०, आय २०, डी ५. याने तापमान सुरुवातीला लक्ष्याच्या जरा वर जातं. ते खटकलं तर पी आणखी दीडपट करा.

एक गफलत टाळा. औद्योगिक नियंत्रकात पी म्हणजे अंशांचा पट्टा, लहान केला की प्रतिसाद तीव्र होतो. आर्डुइनोच्या (स्वतः प्रोग्राम करायच्या छोट्या सर्किट बोर्डच्या) बहुतेक प्रोग्राममध्ये पी म्हणजे गुणक, तिथे मोठा केला की तीव्र. एकाचे आकडे दुसऱ्यात उतरवले की गोंधळ ठरलेला.

प्रश्न : शॉट चालू असताना आकडा कोसळतो. मग उपयोग काय? (इंदूर)

गणित करून बघा. कपात ३६ ग्रॅम आणि कॉफीने शोषलेलं व वरच्या पोकळीतलं धरून शॉटमागे सुमारे ६० मिलि थंड पाणी बॉयलरमध्ये शिरतं. २५ अंशांवरून ९३ वर न्यायला १७ किलोज्यूल लागतात, तीस सेकंदांत म्हणजे जवळपास ५७० वॅट. हीटर १३०० चा असल्याने ताकद पुरते. अडचण उशिराची आहे. स्वस्थ बसलेलं मशीन हीटरला नाममात्र वीज देत असतं. थंड पाणी शिरलं हे भिंतीवरच्या सेन्सरला कळेपर्यंत काही सेकंद जातात, आणि गाज्जाच्या १०० मिलिच्या आसपासच्या बॉयलरमध्ये तेवढ्यात बरंच घडतं. सिल्वियाच्या ३०० मिलिच्या पितळी बॉयलरला हा धक्का कमी बसतो.

उपाय म्हणजे पंपाबरोबर हीटरला आगाऊ वीज. प्रोग्राम स्वतः लिहिणाऱ्यांनी पंपाचा संकेत घेऊन शॉटच्या सुरुवातीला तीन-चार सेकंद पूर्ण वीज द्यावी. साधा नियंत्रक असेल तर शॉट सुरू करताना वाफेचं बटण तेवढेच सेकंद दाबून धरलं तरी तेच साधतं. विसरलात तर मात्र कॉफी करपेल.

प्रश्न : अमेरिकेतून येताना १२० व्होल्टचं सिल्विया आणलं आहे. इथे पीआयडी बसवता येईल का? (पुणे)

येईल. नियंत्रक आणि एसएसआर १२० आणि २३० अशा दोन्ही व्होल्टेजवर चालणारे घ्या. ११०० वॅटला १२० व्होल्टवर ९.२ अॅम्पियर लागतात, म्हणून एसएसआरची उष्णता दहा-बारा वॅट होते. इथे हीटसिंक हवाच. ट्रान्सफॉर्मर २००० व्हीएचा घ्या. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही: ६० हर्ट्झचा कंपन-पंप ५० वर हळू चालतो आणि जास्त तापतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा पंप आणि सोलेनॉइडची कॉइल बदलून टाकणं बरं.

प्रश्न : वाफही पीआयडीवर घ्यावी का? (पणजी)

पहिल्या फेरीत नको. वाफेचा मूळ थर्मोस्टॅट आहे तसा राहू द्या. तो हीटर बंद करायच्या काही सेकंद आधी वाफेची तोटी उघडा, म्हणजे दूध तापवताना हीटर चालू राहतो. दूध झालं की ग्रुपमधून पाणी सोडून आकडा १०५ च्या खाली आणा, मगच पुढचा शॉट. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येत असेल तर १३०० वॅटचा हीटर ९०० वॅटही देत नाही. वाफ मरतुकडी येते ती त्यामुळे. अशा वेळी आधी दूध एका कपापुरतंच घ्या.