हृदय कुणाला मिळालं, हे कळेल का?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी अपघातात आमचा मुलगा मेंदूमृत झाला. आम्ही अवयवदान केलं. ज्यांना त्याचं हृदय मिळालं त्यांना भेटावं, निदान ते बरे आहेत ना एवढं तरी कळावं, असं त्याच्या आईला फार वाटतं. रुग्णालय नाव सांगत नाही. – एक वडील, सातारा

उत्तर : नाव मिळणार नाही. हा रुग्णालयाचा आडमुठेपणा नव्हे. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांनुसार नोंदणीतल्या व्यक्तींची ओळख जाहीर करता येत नाही. पण ‘बरे आहेत ना?’ हे जरूर विचारा. जिथे दान झालं तिथल्या प्रत्यारोपण समन्वयकांना भेटा. ते बदलले असतील, तर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे जा. मुलाचं नाव आणि दानाची तारीख जवळ ठेवा.

त्याआधी घरात एक गोष्ट बोलून घ्या. शरीर नवं हृदय नाकारतं, संसर्गानं रुग्ण दगावतो, असंही घडतं. ती बातमी ऐकायची त्याच्या आईची तयारी आहे का? नसेल, तर सध्या विचारू नका. आमच्या मते घाईपेक्षा हे बरं.

पत्र पुढे पोचवता येईल का, हेही समन्वयकांना विचारा. एक पान पुरे. मुलाला काय आवडायचं, तो घरात कसा होता, ते लिहा. आडनाव, गाव, कॉलेज, फोन नको. दानाची तारीख वेगळ्या चिठ्ठीवर द्या. पत्र कुणासाठी आहे ते तिच्यावरून जुळवता येतं. पाकीट चिकटवू नका, समन्वयकांना ते वाचावं लागतं.

ग्रीन कॉरिडॉरच्या, म्हणजे अवयव नेण्यासाठी रस्ता मोकळा ठेवल्याच्या, बातम्या जुळवून नाव शोधून काढता येतं, पण तसं कृपया करू नका. तुम्ही दारात उभे राहिलात, तर त्या माणसाला नको म्हणायची सोयच उरत नाही. कुणी कृतज्ञतेनं पैसे पुढे केले, तर तेही घेऊ नका. अवयवांच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. तसा नुसता संशयही तुमच्या दानावर येऊ नये.

प्रश्न : मला मूत्रपिंड मिळालं. दात्याच्या घरच्यांना काय लिहू? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आता काय जमतं ते लिहा. डायलिसिसचे चार-चार तास सुटले, तांब्याभर पाणी मोकळेपणी पिता येतं, मुलीला शाळेत सोडता येतं. ‘देवाची इच्छा’ हे शब्द टाळा. त्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे. पत्र तुमच्या प्रत्यारोपण समन्वयकांकडे द्या. उत्तर आलं नाही, तर दुसरं पत्र समन्वयकांना विचारल्याशिवाय पाठवू नका.