कुऱ्हाडे सापडत नाहीत, तेच सांग

अरे,

शनिवारी आपल्या युजर ग्रुपमध्ये एआय एजंटवर, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करत सुटणाऱ्या एआयवर, बोलतो असा तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी लोकलमध्ये वाचला, ठाण्याला बसायला जागा मिळाली तेव्हा स्लाइड्स पण उघडल्या. बावीस स्लाइड्स, प्रत्येकीवर तेच जांभळं-निळं चित्र, आणि बावीसमध्ये एकीवरही तू नाहीस. मुलुंड गेलं, घाटकोपर गेलं, मी आपली शोधतेय की हा मुलगा यात आहे कुठे. मग मेसेजच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, 'ऑफिसमधला तो ऱ चा किस्सा पण आहे ताई, पण तो फारच छोटा आहे, त्यावर अर्धा तास कोण ऐकणार.'

आधी राग आला, मग वाईट वाटलं, कारण हेच वाक्य मी स्वतःला कित्येक वर्षं ऐकवलंय. त्याबद्दल खाली सांगते.

तू काही धीर मागितलेला नाहीस, त्यामुळे तू छान बोलशील वगैरे लिहीत बसत नाही. माझा प्रश्न एकच, तू चालवलंयस काय? एआय एजंट तू चालवलायस का? व्हिडिओ बघणं म्हणजे चालवणं नाही. स्वतःच्या कार्डवर बिल आलंय, त्याने रात्री काहीतरी भलतंच करून ठेवलंय आणि सकाळी तू ते निस्तरलंयस, असं एकदा तरी झालंय? नाही ना. मग त्यावर बोलायचं नाही. उद्या सहा महिने चालव, बिलं भर, शिव्या खा, मग ये, मी स्वतः तुझं नाव लावीन. पण या महिन्यात नाही. जे स्वतः चालवलंय तेच सांगायचं.

मी हे इतकं का ताणते ते ऐक. २०११ ची गोष्ट. तेव्हा एक नवा डेटाबेस फार जोरात होता, नाव घेत नाही, आता तो बराच सुधारलाय. मला आपल्या ग्रुपमध्ये बोलायचं होतं आणि लोकांनी हुशार म्हणावं असं पण वाटत होतं. मी तो लॅपटॉपवर एकदा इन्स्टॉल केलेला, दहा ओळी टाकलेल्या, संपलं. बाकी सगळं इकडून तिकडून वाचून. चाळीस मिनिटं बोलले, टाळ्या बिळ्या. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, 'डेटा लिहिला असं हा डेटाबेस सांगतो, ते डेटा डिस्कवर गेल्यावर सांगतो की आधीच?' मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही एवढं म्हणायचं होतं, दोन सेकंदांचं काम, पण मी हसून म्हणाले, 'अर्थात गेल्यावरच.' तर तेव्हा तो आधीच सांगायचा, डिफॉल्ट तसंच होतं. आणि समोर बसलेल्या एका मुलाने, तुझ्याच वयाचा, ते ऐकून ऑफिसात तो बसवला. दीड महिन्याने वीज गेली आणि दोन दिवसांच्या ऑर्डरी गेल्या. मला हे दुसऱ्याकडून कळलं. तो परत कधी आला नाही. माझ्याकडे त्याचा नंबर होता, मी फोन केला नाही. आधी लाज वाटली म्हणून आणि मग फार उशीर झाला म्हणून. आजही मागच्या रांगेतून कोणी हात वर केला की पोटात गोळा येतो माझ्या.

आता तुझा 'फारच छोटा' किस्सा. फोनवर तू मला सांगितलास तेव्हा मी चहा ठेवला होता तो उतू गेला. पतसंस्थेच्या काउंटरवर कुऱ्हाडे आडनावाच्या बाई उभ्या, क्लार्कने नाव टाकून शोधलं, सापडलं नाही, म्हणून त्याने नवीन खातं उघडलं, आणि एकाच बाईंची दोन खाती झाली. आणि तू तीन आठवडे घालवून शोधून काढलंस की स्क्रीनवर अगदी सारखं दिसणारं कुऱ्हाडे तुमच्या डेटाबेसच्या टेबलात तीन प्रकारांनी बसलंय. एकात युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीचा, सरळ ऱ, ०९३१ नंबरवाला, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की येतो तो. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. तिसऱ्यात र, हलन्त आणि मग ते डोळ्यांना न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लांबी, म्हणजे चिन्हं किती, विचारली तर ८, ९ आणि ९. दोन-दोन घेऊन एकमेकांसारखे आहेत का विचारलं तर तिन्ही वेळा नाही.

आणि यातला खरा मसाला पुढे आहे जो तू मला अगदी खालच्या आवाजात सांगितलास. एनएफसीने, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायच्या युनिकोडच्या ठरलेल्या रीतीने, नॉर्मलाइझ केल्यावर पहिले दोन एक झाले, तिसरा हटून बसला, कारण तो जॉइनरवाला युनिकोडच्या हिशोबाने वेगळाच, जुन्या २.० आवृत्तीची सोय म्हणून ठेवलेला. मग तू वैतागून सगळे जॉइनर उडवलेस. टेस्टच्या कॉपीवर का होईना, पण उडवलेस. आणि पत्त्यांमधल्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला! जॉइनर गेला की र वर चढून रफार होतो, हे तुला त्या दिवशी संध्याकाळी सातला कळलं. मग जॉइनर उडवण्याआधी र-हलन्त-जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त बसवायची ओळ लिहिलीस आणि सुटलास. अरे, अर्धा तास कसला, यात दीड तास आहे. वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, बिऱ्हाड, म्हाताऱ्या, सातबाऱ्यावरची माणसं, आपल्या भाषेत पावलोपावली ऱ आहे आणि खोलीत बसलेल्या निम्म्या लोकांच्या टेबलांत हा घोळ आत्ता, या क्षणी आहे, त्यांना माहीत नाहीये इतकंच.

आता माझं ऐक, म्हणजे कबुलीच समज. २००८ मध्ये मी एका छापखान्यासाठी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा कन्व्हर्टर लिहिला होता. तेव्हा प्रत्येक डीटीपीवाल्याचा फॉन्ट वेगळा, क च्या जागी भलतंच अक्षर, वेलांटी आधी टाइप केलेली ती उचलून मागे न्यायची, असं सगळं. आणि त्यात मी ऱ साठी काय वापरलं असेल? र, हलन्त, जॉइनर. कारण तेव्हा माझ्या मशिनवर तेच नीट दिसत होतं. तो कन्व्हर्टर सहा वर्षं चालला, हातोहात कुठे कुठे गेला देव जाणे. त्यात मी ज्या ज्या ठेचा खाल्ल्या, जे जे फसलं, त्यावर ग्रुपमध्ये मी एकदाही बोलले नाही. फॉन्टच्या कन्व्हर्टरवर अर्धा तास कोण ऐकणार, असं वाटलं. जे चालवलं नव्हतं त्यावर चाळीस मिनिटं बोलले आणि जे सहा वर्षं चालवलं त्यावर गप्प बसले. तुमच्या पतसंस्थेचा डेटा माझ्याच कन्व्हर्टरमधून आलाय असं मी म्हणत नाही, पण तुझे तीन आठवडे माझ्या एका शनिवारी वाचले असते.

म्हणून सांगतेय, चालवलेलं सांग. न चालवलेलं सांगू नकोस आणि चालवलेलं लपवू नकोस, दोन्ही एकच.

युजर ग्रुप या शब्दात युजर आहे रे. १९५५ मध्ये लॉस एंजेलिसकडच्या आयबीएम ७०४ कॉम्प्युटरवाल्यांनी शेअर नावाचा ग्रुप काढला तो यासाठीच, की मशीन आपण वापरतोय, तेच ते प्रोग्राम प्रत्येकाने वेगळे कशाला लिहायचे. आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या होमब्रू या हौशी कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबात स्टीव्ह डॉम्पिअरने अल्टेअर नावाच्या कॉम्प्युटरवर हाताने स्विच पाडून पाडून प्रोग्राम भरला आणि शेजारी ठेवलेल्या रेडिओतून गाणं वाजवून दाखवलं. मध्येच मशीनची वीज तुटली, त्याने सगळे स्विच परत पाडले. स्लाइड नव्हती. असो, फार इतिहास नको, मला तो सुरू झाला की थांबवत नाही कोणी.

इंग्रजीत बोलायला हवं का, असं तू विचारलंस. हे काय विचारणं झालं? मराठीत बोल, हिंदी घुसली तर घुसू दे, एखादा तमिळ किंवा गुजराती बसला असेल तर त्याला इंग्रजीत दोन वाक्यं जास्त सांग, त्याच्याही लिपीत असले घोळ आहेत, तोच सगळ्यात जास्त प्रश्न विचारेल बघ.

गर्दीचं म्हणशील तर येणार म्हणून साठ जण लिहितात आणि येतात सतरा. पावसाळ्यात नऊ. एजंटवर बोललास तर तीस येतील, फोटो काढतील आणि समोशांनंतर गायब. गेल्या वर्षीचं तुला कोणीतरी सांगितलंच असेल, की माझ्या हट्टामुळे अंधेरीची ती एसी जागा गेली. हो गेली. जागा देणाऱ्यांना दर महिन्याला त्यांच्या प्रॉडक्टवर एक टॉक हवा होता, मी विचारलं बोलणाऱ्याने ते चालवलंय का, तर म्हणे तो मार्केटिंगला आहे. मी नाही म्हटलं. चार महिने आपण दादरला एका क्लासच्या बाकांवर बसलो, दोघं आयोजक सोडून गेले, त्यातली एक माझी चांगली मैत्रीण होती. मी जरा गोड बोलायला हवं होतं हे मान्य. पण नाहीच म्हटलं असतं, आणि त्या चार महिन्यांत बाकांवर जे टॉक झाले तसे त्या एसीत कधी झाले नव्हते, हे कोणालाही विचार. बरं, मैत्रिणीला विचारू नकोस.

तर शनिवारी काय करायचं. स्लाइड एकही नको. टर्मिनल उघड, अक्षर इतकं मोठं ठेव की शेवटच्या रांगेतल्या माझ्यासारख्या चष्मेवालीला नुक्ता दिसला पाहिजे. तीन कुऱ्हाडे आधी फाइलमध्ये ठेव, तिथे टाइप करत बसू नकोस, हात थरथरतात. लांबी छाप. मग लोकांना विचार की तिन्ही एकमेकांसारखे आहेत का, आणि गप्प उभा राहा, ती शांतता घाबरून भरू नकोस. दऱ्यांचा दर्या झाला ते नक्की दाखव, तेच तुला लपवायचंय हे मला माहीत आहे, आणि कोणीतरी शहाणा 'जॉइनर काढून टाका ना' म्हणणारच आहे, तेव्हा त्याला उत्तर तुझ्या हातात असेल. माहीत नसेल ते माहीत नाही म्हण. वायफायवर विसंबू नकोस, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचा एचडीएमआयचा कन्व्हर्टर मी आणते. नंतर खाली टपरीवर कटिंग घेताना जे दोघं-तिघं घुटमळतील त्यांच्यासाठी वेळ ठेव, लगेच फास्ट पकडायला पळू नकोस.

लॅपटॉपचा सिरियल नंबर शुक्रवारी दुपारपर्यंत पाठव, नव्या जागेचा वॉचमन यादीत नाव नसेल तर आत सोडत नाही, मागच्या वेळी मलाच वीस मिनिटं गेटवर उभं केलं होतं. आणि त्या कुऱ्हाडे बाईंची दोन खाती एक झाली का? तू कोड दुरुस्त केलास ते सांगितलंस, खात्यांचं काहीच बोलला नाहीस. उद्या ऑफिसला गेलास की आधी ते बघ आणि मला कळव.

ताई