स्टेलारिस या अंतराळ-गेमच्या मॉडमध्ये (खेळाडूंनी स्वतः केलेल्या बदलांत) जहाजांचा पूर्ण नवा ताफा करायचा आहे. सुरुवात कुठल्या जहाजापासून करू?

छोट्या कॉर्व्हेटपासून करा, मोठ्या बॅटलशिपचा मोह आवरा. कारण साधं आहे: या गेममध्ये कॉर्व्हेट एकाच तुकड्याचं असतं, डिस्ट्रॉयर दोन आणि क्रूझर, बॅटलशिप प्रत्येकी तीन तुकड्यांचे. खेळणारा हे तुकडे अदलून-बदलून जोडतो, त्यामुळे बॅटलशिपच्या प्रत्येक नाकाला प्रत्येक मधला भाग बसला पाहिजे, आणि सांधे जुळवण्यातच जीव जातो. हे सगळं गेमच्याच 'कॉमन' फोल्डरमधल्या 'सेक्शन टेम्प्लेट्स' फायलींत दिसतं. साध्या मजकुराच्या आहेत, नोटपॅडमध्ये उघडतात. तोफा कुठे बसणार हे जहाजाच्या थ्रीडी मॉडेलमधले लोकेटर, म्हणजे नाव दिलेले बिंदू, ठरवतात. त्यांची नावं या फायलींतल्या नावांशी अक्षरशः जुळायला हवीत (माझ्या मते निम्मी डोकेदुखी इथलीच). मॉडेल ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करता येतं, गेमच्या मेश फॉरमॅटसाठी मॉडरांनीच बनवलेलं अ‍ॅड-ऑन आहे.

बाकीची जहाजं तयार होईपर्यंत आपल्या 'ग्राफिकल कल्चर'मध्ये (जहाजांचं रूप ठरवणाऱ्या नोंदीत) फॉलबॅक, म्हणजे पर्यायी संच, म्हणून गेममधलाच एखादा संच लावून ठेवा, म्हणजे न बनवलेल्या जहाजांच्या जागी तो दिसेल. आणि बारीक नक्षीकामात वेळ घालवू नका. खेळताना कॅमेरा बहुतेक वेळ लांबच असतो, ओळख पटते ती बाह्याकृतीवरून.

फक्त एक अडचण: गेमच्या मोठ्या पॅचनंतर (अपडेटनंतर) सेक्शन टेम्प्लेट्स बदलू शकतात, तेव्हा त्या फायली पुन्हा ताडून पाहाव्या लागतात.